संशय आधी मोठ्यांवर

खांबेटेबाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं तेच संशयाने. डोंबिवलीच्या आमच्या शाळेत मी मराठीचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. सभा गाजवण्याची सवय कॉलेजपासूनची, त्यामुळे तोंड कायम सुरू. आल्या आल्या सहलीची ड्यूटी लागली. बसच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "सर, तुम्ही पोरांकडे बघणार आहात की पोरांना भाषण देणार आहात?" मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

श्रीमती सुलभा खांबेटे आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या विज्ञानाच्या तासांबद्दल, शिस्तीबद्दल, मायेबद्दल या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते त्यांच्या संशयाबद्दल. आज जो तो आपल्याला विश्वास ठेवायला सांगतो: पुढाऱ्यावर, पाटीवर, मोबाइलवर आलेल्या मजकुरावर. अशा काळात नीट संशय घेऊ शकणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

सहलीच्या दिवशी बाई कुणावरही विसंबत नसत. बस सुटण्याआधी त्या ड्रायव्हरजवळ उभ्या राहून त्याच्या गावाची, मुलाबाळांची चौकशी करत. गावाशी त्यांना देणंघेणं नव्हतं, त्याच्या तोंडाला वास येतो का एवढंच त्यांना पाहायचं असे. पाणी एकदम स्वच्छ आहे असं कुणी छातीठोकपणे म्हटलं, की त्या टाकीचं झाकण उघडायला लावत. पुढे एकदा मी आजारी पडून इस्पितळात होतो, तेव्हाही त्या भेटायला आल्या आणि दिवसभर बसल्या. माझी विचारपूस थोडकीच केली. प्रत्येक गोळी कशासाठी, हे मात्र नर्सला विचारून विचारून त्यांनी तिला जेरीस आणलं.

मुलांची हजेरीही त्या इतरांसारखी घेत नसत. एकमेकांकडे कधी ढुंकूनही न बघणाऱ्या मुलांच्या त्या जोड्या लावत. प्रत्येक थांब्यावर मुलाने स्वतःबद्दल बोलायचं नाही, जोडीदाराबद्दल सांगायचं: जेवला का, कुठे लागलं का, गप्प का आहे. मला ही सरळसरळ हेरगिरी वाटली. मुलांना चुगल्या शिकवताय, असं मी स्टाफरूममध्ये भर दुपारी बाईंना सुनावलं. बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी बरा आहे असं कुणीही सांगतं, सर. दुसऱ्याकडे बघायला लागलं की पोर मोठं होतं." मला ते पटलं नाही. पुढच्या सहलीला मी मुलांपेक्षा बाईंवरच लक्ष ठेवून होतो.

ती सहल आंबिवलीच्या पुढे एका रोपवाटिकेत गेली होती. आठवीचा वर्ग. बाईंनी जोडी लावली होती निकिता आणि मनीषाची. निकिता डोंबिवलीतल्या डॉक्टरांची मुलगी, मनीषा रोज लोकलने दिवा स्टेशनहून येणारी. सकाळीच निकिता कुरकुरली होती, "बाई, हिच्यासोबत नको ना." बाईंनी ऐकलं नाही.

रोपवाटिकेच्या मालकांनी आंब्याचं कलम कसं बांधतात ते दाखवलं. मग मुलं बागेत पांगली. निघायच्या वेळी मालकांचा कलमाचा चाकू सापडेना. वस्तू साधीसुधी नव्हती. धारदार पातं आणि भोवती सगळी मुलं. मालकांनी चहूकडे नजर फिरवली आणि ती मनीषावर थांबली. तिची पिशवी फुगलेली होती आणि तिने ती पोटाशी घट्ट धरली होती. "त्या मुलीची पिशवी उघडा," ते म्हणाले. सगळा वर्ग तिच्याकडे वळला. मनीषाने मान खाली घातली. मी बाईंकडे पाहिलं. सगळ्या जगावर संशय घेणारी ही बाई आता एका गरीब पोरीची पिशवी भर चौकात ओतणार, अशी माझी खात्रीच होती. मी भाषणासाठी घसा खाकरलासुद्धा.

पण निकिता पुढे आली. "ती सकाळपासून माझ्यासोबतच आहे," ती म्हणाली, "आधी माझी बघा."

बाईंनी तिला हाताने मागे सारलं. "कुणाचीच बघायची नाही." मग त्या मालकांकडे वळल्या. "शेवटचं कलम बांधताना तुम्ही चाकू कुठे ठेवला होता? चला, दाखवा."

मालकांना ते आवडलं नाही, पण बाई त्यांच्या आधीच चालू लागल्या होत्या. चाकू शेवटच्या कुंडीच्या मातीत खोचलेला होता. प्लास्टिकची पट्टी गुंडाळायला दोन्ही हात हवेत म्हणून त्यांनीच तो खोचला होता आणि बोलण्याच्या नादात विसरले होते.

परतताना मी बाईंना विचारलं, तुम्ही सगळ्यांवर शंका घेता, मग पिशवी का नाही उघडलीत? त्या म्हणाल्या, "काही निघालं नसतं, तरी दहावीपर्यंत ती 'पिशवी उघडलेली मुलगी'च राहिली असती. संशय घ्यायचा तर आधी मोठ्यांवर घ्यावा, सर. त्यांना तो सोसतो."

मागच्या सीटवर निकिता आपल्या सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवून घेत होती. मनीषाची पिशवी त्या बाटल्यांनीच फुगली होती. दिव्यात मनीषाच्या इमारतीला पाणी नव्हतं, म्हणून तिने रोपवाटिकेच्या नळावर बाटल्या भरून घेतल्या होत्या. सकाळी शेजारी बसायला नको म्हणणारी मुलगी संध्याकाळी तिचं निम्मं ओझं वाहत होती. सत्तेला प्रश्न विचारा, असं मी आयुष्यभर व्यासपीठांवरून ओरडत आलो. ते मुलांच्या देखत, आवाज न चढवता करून दाखवणारी व्यक्ती मला त्या दिवशी भेटली.

मनीषा आता कल्याणच्या एका शाळेत शिकवते. गेल्या हिवाळ्यात तिने मला तिच्या वर्गाच्या सहलीला सोबत बोलावलं. मी पोचलो तेव्हा ती ड्रायव्हरच्या गावाची चौकशी करत होती. मग तिने मुलांच्या जोड्या लावल्या. आणि बसच्या दाराशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "सर, आज भाषण नको हं. पोरांकडे बघा."

या खेपेला मी हसलो नाही. मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसलो.

बाई, आपल्याला निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. हा लेखही आपण संशयानेच वाचाल, हे मला ठाऊक आहे. तशाच वाचत राहा. आम्हा मोठ्यांवर आपली नजर अजून पुष्कळ वर्षं असायला हवी.