सरदारजी डॉक्टरांचं मराठी

भुताखेतांवर, अंगात येण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. सातवीतच शाळा सुटली, पण एवढी अक्कल होती... तरी हे माझ्याच बाबतीत घडलं, म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे हे फौजेत, पोस्टिंग चंडीगडला. कोल्हापूरकडचं गाव सोडून मी पहिल्यांदाच इतक्या लांब. सगळे चौक सारखेच, मी हमखास चुकायची. हिवाळ्यात शेजारच्या मनजीतभाभी उन्हात बसवून मला स्वेटर विणायला शिकवायच्या. ते ऊन अजून आठवतं.

छातीत गाठ लागली तेव्हा हे सीमेवर होते. मोठ्या दवाखान्यात भाभीच घेऊन गेल्या. तिथली सिस्टर म्हणाली, "कल खाली पेट आना." मला वाटलं, पोटाची तपासणी खालच्या मजल्यावर असेल! मी पराठे खाऊन तळमजल्यावर हजर. भाभी हसून बेजार. मी मात्र धसकले — उद्या मोठं काही सांगितलं आणि मला उलटंच समजलं तर?

गाठीत सुई घालून तपासणी झाली. रिपोर्ट वाईट आला तर सरळ आईकडे पळायचं, असं मी ठरवलं होतं. ट्रंकसुद्धा भरलेली. भाभींनाही बोलले नव्हते.

रिपोर्ट ऐकायला भाभीही माझ्याबरोबर आत होत्या. डॉक्टर सरदारजी, पांढऱ्या दाढीचे. चष्मा काढून म्हणाले, "कॅन्सर हाय पोरी. पर येळेत आलीयास. गावाकडं पळू नगंस, आदी गाठ काढून घे. गाव काय कुठं जातंय व्हय?"

अगदी आमच्याकडचं बोलणं... किती दिवसांनी कानावर पडलं! मला रडूच फुटलं. म्हटलं, "व्हय, काढा."

बाहेर येऊन भाभींना विचारलं, डॉक्टर मराठी कुठे शिकले? त्या म्हणाल्या, "मराठी? हिंदी में बोले जी. बस इतना, कैंसर है, ऑपरेशन जल्दी करा लो." गावाचा विषयच निघाला नव्हता म्हणे.

ऑपरेशन झालं. भाभींनी माझं सगळं केलं, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. टाके काढताना धीर करून मी डॉक्टरांशी मराठीत बोलले. ते गोंधळले. "हिंदी में बोलो, बेटा."

मला आजही उलगडा झालेला नाही. लेक म्हणते, आई, तू घाबरलेलीस, तुझ्या मनानंच त्याचं मराठी केलं.

असेल बाई. पण माझं मन तर पळ म्हणत होतं...