विरोधात वर गेलेला हात

आम्ही मॉर्मन पंथाचे ख्रिस्ती झालो तेव्हा कुवेतच्या अब्बासियात आमची पाचच मराठी घरं होती, आणि श्रद्धेचा सगळा ठेका मी एकटीनं घेतला होता. माझ्या मोठ्या जाऊबाई आमच्याच फ्लॅटमध्ये राहायच्या. तिथं सुट्टी शुक्रवारची, म्हणून प्रार्थनाही शुक्रवारीच. अशा एका सभेत त्यांना बायकांच्या प्रमुख म्हणून नेमायचं ठरलं. अशा वेळी आमच्यात सगळ्यांनी संमतीचा उजवा हात वर करायचा असतो. मग कोणाचा विरोध आहे का, असंही विचारतात. पण तेव्हा कोणी हात हलवत नाही. मी सरळ वर केला.

"ह्या चोरून चहा पितात," मी जाहीर केलं. चहा आमच्या धर्मात वर्ज्य. मला वाटलं, स्वर्गात टाळ्या पडल्या असतील. काय ध्यान होते मी!

जाऊबाई उठून निघून गेल्या. चार शुक्रवार आल्या नाहीत. त्या आता धर्मच सोडणार, असं सगळे म्हणू लागले, तेव्हा मी घाबरून त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले.

"ताई, चुकले. पण चहा म्हणजे..."

"'पण' घेऊन आली असशील तर परत जा," म्हणत त्यांनी दार लावलं.

दुसऱ्या दिवशी मी नुसतंच "चुकले" म्हणाले.

त्या शुक्रवारी आल्या आणि प्रमुखही झाल्या. आमच्या बायका जोडीजोडीनं घरोघरी विचारपुशीला जातात. जाऊबाईंनी पहिलीच यादी वाचली, तर माझी जोडी त्यांच्याशीच!

"तुमच्याशी का?" मी विचारलं.

"डोळ्यांसमोर असलेली बरी. पाठीमागे नको."

मी आजी झाले तरी जिना चढताना त्या मला पुढेच चालायला लावतात.