हलक्या बंदुकीचा अर्ज

गिलाव्याची लांब ॲल्युमिनियमची पट्टी काम संपल्यावर भिंतीला टेकवून ठेवण्यापूर्वी ते गृहस्थ एकदा ती खांद्याला लावून पाहत. डावा डोळा मिटत, गाल पट्टीला चिकटवत, आणि पाण्याच्या टाकीवरचे कबूतर उडाले की त्याच्या जरासे पुढे नेम धरून म्हणत, "गेलं असतं." मग हात धुवायला जात.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातील कामगारांच्या वसाहतीत मी दर रविवारी अर्ज लिहून देतो; एरवी शारजाच्या रोल्ला भागातील एका टायपिंगच्या दुकानात माझे टेबल असते. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले, परंतु माझ्या मसुद्यांपुढे पदवीधरांनीही मान तुकवली आहे, हे नमूद करणे आवश्यक वाटते. हे गृहस्थ सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचे गवंडी. वय पन्नाशीचे. इतर विषयांवर त्यांना बोलते करणे कठीण. सशाचा विषय निघाला की मात्र खोलीतली आठही माणसे जेवण थांबवून ऐकत.

त्यांच्या वडिलांची एकनळी बंदूक होती. आखूड आणि हलकी. जड बंदुकीविषयी त्यांना मनस्वी तिटकारा. ती खांद्यावर घेऊन सकाळभर डोंगर चढलेल्या माणसाचे हात ससा उठतो तेव्हाच थरथरतात, असे त्यांचे म्हणणे. "ससा काय मास्तर, सवड देत न्हाई," ते म्हणत, "बंदूक आपसूक वर आली पायजे."

एकदा वसाहतीमागच्या वाळूत त्यांना सशाची पावले दिसली. उकिडवे बसून त्यांनी ती बोटांनी मोजली. खोलीतल्या एकाने थट्टा केली, की इथे शिकार केलीत तर इथले हबीबी पोलीस थेट विमानात बसवतील. ते हसले नाहीत. ससा थकलेला नव्हता, रमतगमत गेला होता, एवढेच समाधानाने सांगितले.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. तरुणपणी त्यांच्या हातून एक सशी पडली होती आणि सोलताना तिच्या पोटात पिल्ले निघाली होती. वडिलांनी ती खड्डा करून पुरायला लावली. त्यानंतर गाभण मादीवर त्यांनी कधी बार टाकला नाही. लांबून ओळखता कसे, असे मी विचारले, तर म्हणाले, "शंका आली की सोडायचा. पोटाला दुसरं काय तरी मिळतं."

पुढे वडील वारले. बंदूक शेतीच्या राखणीच्या परवान्यावर होती. ती पोलीस ठाण्यात जमा झाली. परवाना वारसाने आपल्या नावावर व्हावा, एवढीच त्यांची इच्छा. दोन वर्षांनी गावी कायमचे परतायचे होते, आणि बंदुकीवाचूनचे घर त्यांना घर वाटत नव्हते. त्यांनी मला तीन ओळी सांगितल्या: वडील वारले, डुकरे भात खातात, बंदूक माझ्या नावे करावी.

आपणच सांगा, जिल्ह्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यास तीन ओळींचा अर्ज शोभतो काय? मी दोन पाने लिहिली. अर्जदाराची योग्यता सिद्ध व्हावी म्हणून लिहिले, की "अर्जदार बालपणापासून ससे, तितर व रानकोंबडे यांच्या शिकारीत निष्णात असून, अद्याप त्याचे हातून एकाही मनुष्यास इजा झालेली नाही, तसेच अंतःकरणाने दयाळू असल्याने तो गाभण मादीवर बार टाकीत नाही."

मी तो त्यांना वाचून दाखवला.

"शिकारीचं लिवायलाच पायजे का, मास्तर?"

सरकारी भाषा मला शिकवू नका, असे मी त्यांना चारचौघांत सुनावले. त्यांनी मुकाट्याने सही केली.

तीन महिन्यांनी गावाहून फोनवर उत्तराचा फोटो आला. लहान अक्षर त्यांना नीट लागत नसे, म्हणून ते तो माझ्याकडे घेऊन आले. अर्जदाराने वन्यप्राण्यांची शिकार केल्याचे स्वतःच लेखी कबूल केले असल्याने परवाना नाकारण्यात येत आहे व प्रकरण वनखात्याकडे पाठवले आहे, असे त्यात होते. मी ते मनात दोनदा वाचले.

"नियम बदललेत," मी म्हणालो. "आता कुणालाच देत नाहीत. खलास."

त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी चहा सांगितला. तो चहा मी प्यालो.

त्यानंतरच्या कित्येक रविवारी खरे सांगण्याचा निश्चय करून मी बसमध्ये बसत असे. वसाहतीत पोहोचेपर्यंत त्या निश्चयाला अनेक सयुक्तिक कारणे आडवी येत. कुणाला अर्जच लिहायचा असे, कुणाला घाईच असे.

एका रविवारी तेच माझ्यासमोर येऊन बसले. त्यांची म्हातारी आई गावी एकटी होती. वनखात्याची माणसे तिला चौकशीसाठी सारखी तालुक्याला बोलावत होती, एस.टी. बदलून तिला दिवस दिवस बाकावर बसावे लागे. बंदुकीवरचा हक्क सोडला तर तिची पायपीट थांबेल, असे गावच्या कुणी सुचवले होते.

"बंदूक नको म्हणून लिवा," ते म्हणाले. "मी बोलतो तेवढंच. तीन ओळी."

मी तोंड उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. नकाराचे खरे कारण त्यांना किती दिवसांपासून ठाऊक होते, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

मी तीन ओळी लिहिल्या. त्यांनी कागद आपल्याकडे ओढला, खिशातून नवा चष्मा काढला आणि एकेका अक्षराखाली बोट फिरवत तो शेवटपर्यंत वाचला. पुन्हा पहिल्या ओळीवर गेले. बाकीची माणसे रांगेत खोळंबली होती. मी पेनाचे टोपण हातात धरून बसून राहिलो.

दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी सही केली.