सर्व दुखण्यांवर एक मैदान

शाळेच्या मैदानावर बरं होत नाही असं दुखणंच जगात नाही, असं मानणारा माणूस शेजारी राहत असेल तर सरळ घर विकून दुसरीकडे जावं, या मताची मी आहे. आमच्या शेजारचे सर माझ्या मुलीच्या हायस्कुलात खेळ शिकवत. शिट्टी गळ्यात घालून ते लग्नालाही जात. एकदा पंगतीत गोंधळ उडालेला पाहून त्यांनी ती वाजवली, आणि वऱ्हाडी मंडळी निमूट रांगेत बसली! आमचे हे एकदा साहेब ओरडले म्हणून जेवले नाहीत, तर भिंतीपलीकडून सरांचा आवाज आला, "शाळंत हरायला शिकला न्हाईसा, त्याचं हे हाय बघा." वर पहाटे गल्लीतली पोरं पळवायची आणि दूधकट्ट्यावर नेऊन म्हशीचं धारोष्ण दूध पाजायचं. मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते. तीच पोरं माझ्याकडे भूमितीच्या पुस्तकावर डोकं ठेवून घोरत. तक्रार केली तर म्हणाले, "वैनी, झोप लागती हे चांगलं की! आजकाल कुणाला लागती?"

एवढंही मी सोसलं असतं. पण माझी मुलगी बोलताना अडखळते. तिचं वाक्य अडलं की पुढचे शब्द मी पुरवायचे, ही तिच्या लहानपणापासूनची माझी सवय. तिलाच सरांनी कबड्डीत चढाईला घातलं. मी तणतणत गेले. "सर, जिला वर्गात 'हजर' म्हणता येत नाही, तिला एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणायला लावता? काही वाटतं का तुम्हाला?"

"बोलायला कुठं सांगतोय? दम घुमवायला सांगतोय. आणि अडली तर अडली. आऊट हुईल. मरतीया व्हय?"

आणि अडलीच. शाळांच्या सामन्यात, अगदी शेवटच्या चढाईला. दम तुटला, पंचांनी बाद दिलं, सामना गेला. मी मनातल्या मनात सरांचा सात पिढ्यांसकट उद्धार केला. आता ही पोरगी खोलीबाहेर येत नाही, अशी माझी खात्री. घरी आली ती संघातल्या पोरींबरोबर, मिसळ खाऊन, गुडघा फोडून. "तुझ्यामुळं हरलोय, उद्या जादा चकरा तुलाच," असं त्या दटावत होत्या आणि ही चक्क हसत होती. मला मेलीला काही कळेना.

जूनमध्ये मी जाहीर केलं, दहावीचं वर्ष, खेळ बंद. आपल्याकडे दहावी आली की मुलांचे खेळाचे बूट माळ्यावर जातातच. सर तोवर निवृत्त होऊन गारगोटीकडे गावी गेले होते, त्यामुळे भांडायला कोणी येणार नव्हतं. मुलगी स्वयंपाकघरात आली. "आई, मी खे... खे..." पुढचा शब्द माझ्या ओठांवर होता. तिनं हात वर करून मला थांबवलं. श्वास घेतला, पुन्हा अडली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तव्यावरची पोळी करपली. "खेळणार. आणि अ... अभ्यासही करणार." एरवी ती वाक्य अर्ध्यात सोडून निघून जायची. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

बूट मीच माळ्यावरून काढून दिले आणि संध्याकाळी सरांना फोन लावला. तुमचं बरोबर होतं, एवढंच सांगायचं होतं. पण इतकी वर्षं ज्या माणसावर नुसती चिडले, त्याला हे सांगताना मीच अडखळले, शब्द काही फुटेना. सर पलीकडे शांत थांबले होते. मधे एक शब्दही त्यांनी पुरवला नाही.