आक्कांची अकरा मतं

आक्कांच्या श्रद्धांजलीचा तो फ्लेक्स एसटी स्टँडवरून आजच्या आज उतरवा.

माझ्या थोरल्या जाऊबाई काल गेल्या. आम्ही स्मशानातून परतलो नाही तोवर फ्लेक्स लागला. ‘सहकारातल्या आदर्श माता’ म्हणे. आक्कांचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि खाली हात जोडून उभे असलेले कारखान्याचे साहेब भिंतीएवढे.

याच साहेबांच्या आजोबांनी आक्कांची मतं खाल्ली होती. तरुण मंडळींना माहीत नसेल, म्हणून लिहिते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आणीबाणी नुकतीच उठली होती. मी सांगलीहून लग्न होऊन कृष्णाकाठच्या या वाडीत नवीनच आले होते.

थोरले दीर मिलिटरीत, त्यामुळे साखर कारखान्याचा शेअर आक्कांच्या नावावर. उसाचं वजन मारतात म्हणून त्या दर सभेत उठून बोलायच्या. त्या वर्षी सरळ डायरेक्टरच्या निवडणुकीलाच उभ्या राहिल्या. समोर चेअरमनचा, म्हणजे याच आजोबांचा, मेव्हणा.

काउंटिंग कारखान्याच्या गोदामात. आमच्या माणसाला “जरा चहा घेऊन या” म्हणून बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

आमच्या वाडीच्या पेटीतून आक्कांना मतं निघाली अकरा.

अहो, आमच्या नुसत्या भावकीतच त्याहून जास्त सभासद होते.

तक्रार घेऊन गेलो, तर चेअरमन हसून म्हणाले, “बाई, तुमच्याच माणसांनी मतं दिली नाहीत, त्याला आम्ही काय करणार?”

हे वाक्य आक्कांना लागलं. दळणाला गेल्या तरी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायच्या. ह्यानं दिलं असेल का? हिनं दिलं असेल का?

सीट चोरली त्याचं मला एवढं नाही. एका बाईचा स्वतःच्या गावावरचा भरवसा चोरला, त्याचा राग अजून जात नाही.

मग कारखान्यानं आमच्या उसाची तोड अडवली. आजूबाजूचा ऊस कारखान्याला जात होता. आमच्या फडाला तुरे आले, उसाचं वजन घटायला लागलं, तरी तोडणीची टोळी येईना.

मी म्हटलं, “आक्का, चला, जाऊन भांडू.”

“कुणासाठी भांडू गं? आपलीच मानसं आपली न्हाईत. ह्यापुढं मी मत द्यायलाबी जाणार न्हाई.”

नंतर एका सकाळी भावकीतले बाळूतात्या कोयता घेऊन फडात आले. त्यांचा स्वतःचा ऊस अजून उभा होता, म्हणजे आम्हाला मदत केली म्हणून तोड अडवायला पुढचा नंबर त्यांचाच लागणार होता. मागून त्यांची बायको आली. मग वरच्या आळीतले चौघे. मग येतच राहिले.

“वैनी, आमी मत दिलं हुतं,” तात्या म्हणाले. “पर दिल्यालं मत दावता येत न्हाई. ऊस तोडल्याला तरी दिसतोय.”

तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा कारखान्याचा चिटबॉय सायकल लावून बघत उभा होता.

तात्या हात न थांबवता त्याला म्हणाले, “नीट बघून घे गड्या. आन् समद्यांची नावं जाऊन सांग.”

आक्का बांधावर उभ्या राहून माणसं मोजत होत्या. अकराच्या पुढे गेल्या आणि मोजायचं थांबल्या. खाली बसून, तोंडाला पदर लावून रडल्या.

मग उठून कोयता मागितला.

त्या उसाचा गूळ केला आणि माझ्या वडिलांच्या ओळखीनं सांगलीच्या पेठेत विकला. नुकसान झालंच, खोटं कशाला सांगू? तात्यांचीही तोड अडवली, त्यांच्या उसालाही तुरे आले. तेव्हा आम्ही सगळे कोयते घेऊन त्यांच्या फडात होतो.

पुढच्या निवडणुकीला आक्का पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी आमची माणसं भाकरी बांधून मोजणीला बसली. चहाला कुणी उठलं नाही. गोदामाच्या दारात आम्ही बायका ठिय्या मारून.

आक्का पुन्हा हरल्या. थोडक्यात.

आणि घरी येऊन त्यांनी पेढे वाटले.

मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. “अहो आक्का, हरलो ना आपण?”

“हरलो की. पर ह्या खेपेला आपली समदी मतं निघाली बघ. लोकांनी दिली तेवढी.”

आक्का, नमस्कार करते. सावकाश जा.