पाटाच्या पुलावरून मिसकॉल

मखमलाबादच्या नवसाबाईंचा मळा गुलाबाचा, पण जिभेवर सगळे काटेच. गडीमाणसं त्यांना टरकून असत. लेकीपुढे मात्र त्या लोण्याहून मऊ.

शुभांगीला सतराव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. दोन वर्षं उपचार चालले. २००७च्या दिवाळीत डॉक्टर म्हणाले, आजार गेला, आता रोज चालायचं, नाहीतर पायांत बळ येणार नाही. नवसाबाईंनी यातलं अर्धंच ऐकलं. देवानं परत दिलेली पोर! पाण्याचा तांब्याही त्या तिला उचलू देईनात. पोरगी न्हाणीपर्यंत जायची ती भिंत धरून.

मग हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या मंजुषाताईंनी युक्ती काढली. शुभांगीनं रोज सकाळी वडिलांचा मोबाइल घेऊन जमेल तिथवर चालायचं आणि तिथून मिसकॉल द्यायचा. आधी फाटक, मग विहीर, जमेल तेव्हा पाटाचा पूल. ताई उलट मिसकॉल देत, ती शाबासकी. त्या एका रिंगसाठी पोरगी उठायला लागली.

एका थंडीच्या सकाळी तिचे पाय ठणकत होते. आईचं काळीज तुटलं. ताई रागवायला नकोत, म्हणून नवसाबाईंनी चुलीपुढे बसूनच बटण दाबलं. फोन कापायचाही असतो हे त्यांना कुठलं ठाऊक! तो बाजूला ठेवून त्या भाकरी थापायला लागल्या आणि आत ओरडल्या, "शुभे, तुझा मिसकॉल दिला गं मी, झोप तू!"

मोबाइलातून बारीक हसू आलं. त्यांनी दचकून तो पिठाच्या हातानं कानाला लावला.

"मावशी, औषध तुम्ही घेतलं तर गुण तिला कसा येणार?" ताई म्हणाल्या. "उद्यापासून दोघी चाला."

नवसाबाई पार ओशाळल्या. पण दुसऱ्या दिवसापासून निघाल्या, लेकीचा दंड घट्ट धरून. दोन वर्षं उशाशी बसून त्यांचेही गुडघे धरले होते.

संक्रांतीनंतर एका सकाळी शुभांगीनं दंड सोडवून घेतला आणि झपझप पुढं निघाली.

"अगं थांब की! दमले ना मी!" नवसाबाई ओरडल्या, आणि ओरडता ओरडता त्यांना रडू फुटलं.

पुलावरून मिसकॉल देऊन शुभांगी माघारी आली. आईला हात देत हसली, "ताईंना सांगू का, तू दमलीस म्हणून?"

"सांग की," नवसाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "अन् म्हणावं, मला दमवणारी पोरगी परत दिली तुम्ही. लय उपकार झाले."