चढावर थांबणारी गाडी

होळीच्या आधी तुमचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तलासरीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसले होते. धाकटीने विचारलं, "आजी, तू डोंगरावर गेलीस का? तुझ्यामागे ढग आहे." तो ढग नव्हता. आजोबांच्या पिकअपच्या बॉनेटखालून निघणारी वाफ होती. मी सांगायला तोंड उघडलं आणि रेंज गेली. उत्तर अर्धवट राहिलं की मला चैन पडत नाही, हे तुमच्या आईबाबांना ठाऊक आहे. म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहिते.

तुम्ही आजोबांना बोटीवर कधी पाहिलं नाही. चिखल्याच्या किनाऱ्यावरून त्यांनी जन्मभर बोट काढली. मी डहाणूच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. मला पाठमोरी असताना शेवटच्या बाकावरची कुजबुज कळायची, तसं त्यांना डोळे मिटून इंजिनाचं मन कळायचं. तळहात इंजिनावर ठेवायचे, जरा वेळ गप्प बसायचे आणि म्हणायचे, "डिझेलमध्ये कचरा आहे." आणि तो असायचाच.

गुडघे गेले तेव्हा बोट विकली. त्यानंतरचे दोन महिने मला आठवायला नको वाटतात. ते ओट्यावर समुद्राकडे तोंड करून बसत. जेवायला हाक मारली तर येत, नाही मारली तर येत नसत. मग एक दिवस कुणाची तरी वापरलेली पांढरी पिकअप घेऊनच घरी आले. गावातल्या बायका बोंबील, जवळा अशी मासळी वाळवतात, तो माल तलासरीकडच्या आठवडी बाजारांना पोचवायचा आणि येताना तिकडची नाचणी, भाजी आणायची, असं काम ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर आजोबा आरशासमोर दाढी करत होते. ती गाडी म्हणजे त्यांचं सकाळी उठणं होतं. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग गाडी तापायला लागली.

किनाऱ्याच्या सपाट रस्त्यावर ती शहाण्यासारखी चालायची. डहाणू मागे पडलं, चढ सुरू झाला, की तापमानाचा काटा हळूहळू वर सरकायचा. आधी तापलेल्या लोखंडाचा वास यायचा. मग आजोबा म्हणायचे, "आलं," आणि जवळचं झाड पाहून गाडी कडेला घ्यायचे. बॉनेट उघडून, वाफ निवेपर्यंत आम्ही बसून राहायचो. अर्धा तास, कधी दीड तास.

खरं सांगू? त्या बसण्यात एक गुंगी होती. मी जन्मभर तासाच्या घंटेवर जगले. इथे घंटाच नव्हती. पळस पेटलेले असायचे, आणि पाखरं एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर अशी जायची की जणू तीही कशाची तरी वाट पाहत होती. कापणी झालेली भातशेतं उतारावरून खाली खाली जात आणि दूर धुरकट निळी होत. मी डोळे किलकिले केले की मला तो समुद्रच वाटायचा, आणि आमची गाडी त्याच्या काठाला ओढून ठेवलेली होडी. मागच्या करंड्यांतून बोंबलाचा वास यायचा, त्यामुळे तर ते अधिकच खरं वाटायचं. आजोबा मात्र जागे असायचे. बॉनेटमध्ये डोकं घालून उभे, आणि हात लावण्याइतकी गाडी निवली की तळहात इंजिनावर. मी विचारायचे, "काय म्हणते?" ते म्हणायचे, "काही म्हणत नाही." हे त्यांना वाफेपेक्षा जास्त भाजत होतं.

तलासरीच्या पुढे अच्छाडला एक मेकॅनिक आहे. ट्रकांच्या रांगेशेजारी टपरीएवढं गॅरेज. मुलगा गुणी. तोंडात गुजराती, हिंदी, मराठी सगळं एकत्र. त्याने तीनदा इंजिनाच्या झाकणाखालचं हेड गॅस्केट बदललं. पाण्याचा पंप बदलला, पट्टा बदलला. दर वेळी विचारायचा, "काका, पाणी रोज घालता ने?"

"रोज म्हणजे रोज," आजोबा सांगायचे. "ही मास्तरीण स्वतः भरते. तिच्या हाताखाली हयगय चालत नाही."

मी मान डोलवायचे. खोटं नव्हतं ते. रोज संध्याकाळी मी दोन कॅन घासून घ्यायचे, मागच्या विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून भरायचे आणि सीटमागे ठेवायचे. खडू न घेता मी कधी वर्गात गेले नाही, तशी पाण्याशिवाय गाडीही कधी जाऊ दिली नाही. मेकॅनिक रेडिएटरमध्ये इंजिन थंड ठेवणारं हिरवं कुलंट घालून द्यायचा. आजोबा त्याला रंगीत सरबत म्हणायचे. "माझ्या बोटीचं इंजिन समुद्र प्यायचं. खालून पाणी ओढायचं, अंगभर फिरवायचं, बाजूने बाहेर टाकायचं. त्याला कुणी सरबत पाजलं नाही." कुलंट उकळून गेलं की वर आमच्या विहिरीचं पाणी.

पावसाळ्यात गाडी तापत नसे. हवा गार म्हणून, असं आम्ही धरून चाललो होतो.

गावात थट्टा सुरू झाली. माल द्यायला आलेल्या बायका कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "काय हो काका, आज चालवत आणली की ढकलत?" त्यांतली एक तर फार तिखट. ती म्हणाली, "बोट बुडते ते ऐकलं होतं. बोट उकळते ते काकांनीच दाखवलं!" आजोबा हसले. पण बाजार चुकला की त्या बायकांचा आठवडा वाया जायचा, हे ते जाणून होते. एकेक करून करंड्या दुसऱ्याच्या टेम्पोत जायला लागल्या. कुणी भांडलं नाही. नुसत्या येईनाशा झाल्या.

एकदा जेवताना ते म्हणाले, "विकून टाकू. अच्छाडच्या धाबेवाल्याला हवी आहे. रविवारी येतो म्हणाला."

मी म्हटलं, "अहो, अजून एकदा दाखवून बघू."

"दाखवायचं काय? माझ्या हाताला आता इंजिन कळत नाही. तेवढंच."

ताटात आमटी होती, ती तशीच राहिली. मला ओट्यावरचे दोन महिने दिसले. त्या वेळी गुडघे तरी कारण होतं. आता तर ते स्वतःलाच कारण समजत होते.

त्या आठवड्यातली तलासरीची फेरी शेवटचीच म्हणून मी मुद्दाम सोबत गेले. नेहमीच्या चढावर नेहमीसारखी गाडी थांबली. तिथेच तुमचा फोन आला होता. रेंज गेल्यावर मी फोन पर्समध्ये ठेवला, तेवढ्यात रस्त्याच्या वरच्या एका घरातून हाक आली. "बाय, उन्हात काय बसली? सावलीला ये."

माझ्याच वयाची बाई होती. अंगणात नाचणी पाखडत होती, बाजूला कोवळं तांबडं वासरू बांधलेलं. तिने तांब्याभर पाणी दिलं. इतकं गोड पाणी होतं की ते घशाखाली गेल्यावर मला जरा झोपच आल्यासारखी वाटली. आजोबांनी तर दोन तांबे संपवले. मग कळलं, विहीर पार खाली ओहोळाजवळ आहे आणि ती डोक्यावरून पाणी चढवते. मला अपराधी वाटलं. गाडीत एक कॅन तसाच भरलेला होता. मी तो आणून म्हटलं, "हे घ्या, वासराला तरी होईल."

तिने बादलीत पाणी ओतलं. वासराने नाक बुडवलं, झटक्यात वर काढलं आणि तोंड फिरवलं. तिने बादली पुढे सरकवली. त्याने दुसरीकडे तोंड केलं. तेव्हा तिने बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली.

"अगं बाय! यात मीठ कोणी टाकलं?"

"मीठ? आमच्या विहिरीचं आहे."

"तुम्ही हे पिता?"

"नाही, आम्ही नळाचं पितो. हे गाडीला."

ती पोट धरून हसली. "वासरू पीत नाही ते गाडीला पाजता? त्या बिचारीला तोंड फिरवता येत नाही म्हणून?"

मीही हसायला लागले होते. मग आजोबांकडे पाहिलं आणि थांबले. ते बादलीशी वाकले होते. ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी चाखलं, तोंडात तसंच धरलं. एखादी जुनी गोष्ट आठवावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"बोट तर जन्मभर हेच..." ते पाणी थुंकून म्हणाले, आणि ओंजळीतलं उरलेलं त्यांनी खाली सोडून दिलं. वासरू दोर ताणून उभं होतं. खाली रस्त्यावरून एक बस गेली. "बोट पाणी घ्यायची आणि सोडून द्यायची," ते शेवटी म्हणाले. "हिच्यात तेच पाणी फिरत राहतं. आटतं, वर पुन्हा तेच घालतो. मी हिच्या पोटात मिठागर केलं."

"मी भरलं ते पाणी," मी म्हटलं.

"तू भरलंस. इंजिन मला कळतं ना पण."

मला एकेक उलगडत गेलं. घरात नळ आला तेव्हापासून त्या विहिरीचं पाणी आमच्यापैकी कुणी तोंडात घेतलं नव्हतं. ती कधी खारी झाली हे कळणार कसं? धुण्याला फेस येत नव्हता तर मी साबण बदलत होते. पावसाळ्यात वरून गोडं पाणी मिळायचं म्हणून विहीर निवळायची, आणि गाडीही. मी इतकी शिस्तीची, की वर्षानुवर्षं एक चूक रोज संध्याकाळी गाळून, झाकण घट्ट लावून ठेवत आले.

त्या बाईने आमचे दोन्ही कॅन स्वतःच्या हंड्यातून भरून दिले. मी नको नको म्हणत होते. तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. बदल्यात आजोबांनी तिला बोंबलाची एक जुडी दिली, तेव्हा ती म्हणाली, "यात तरी मीठ बरोबर आहे ना?"

बाजार करून आम्ही सावकाश अच्छाडला गेलो. मेकॅनिकने रेडिएटर उतरवून उघडला. आतल्या नळ्या पांढऱ्या थराने बुजल्या होत्या, पाणी तापवायच्या जुन्या बंबात बसतो तसा थर. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "काका! मी दर वेळी विचारलं, पाणी घालता ने!"

"घालता का, ते विचारलंस," आजोबा म्हणाले. "कुठलं, ते तू एकदा तरी विचारलंस?"

पोराने हातातला रेडिएटर खाली ठेवला. मग दोघंही हसायला लागले, आणि आजोबांचं ते हसणं मी किती दिवसांनी ऐकत होते, ते मोजायचा मला धीर झाला नाही.

रेडिएटर नवा घातला. इंजिनाचं हेड घासून सपाट करायला पाठवलं. रविवारी धाबेवाला आमच्या घरी येणार होता, तो गॅरेजमध्येच आला. गाडी तेव्हा नुकतीच सुरू केली होती. आजोबांनी इंजिनावर तळहात ठेवला, डोळे मिटले. धाबेवाला घाईत होता. "काका, आता तर एकदम फर्स्ट क्लास झाली. लावा ना भाव, घेऊन जातो."

आजोबांनी डोळे उघडले नाहीत. "नाही देत."

"अरे! जबान दिली होती."

"बिघडलेली गाडी द्यायची जबान दिली होती. ही बिघडलेली नव्हती." मग डोळे उघडून जरा मऊ आवाजात म्हणाले, "हिला मी इतकी वर्षं खारं पाजलं. आता जरा गोडं पाजून बघू दे."

धाबेवाला माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं आता भांडण होणार. पण त्याने खिशातला रुमाल काढला, मान पुसली आणि म्हणाला, "मग मला दुसरी शोधून द्या. तुमचं नुकसान होतं ते टळलं, माझं कोण टाळणार?"

त्याचं म्हणणं आजोबांना पटलं. त्याच दुपारी आम्ही तिघं हमरस्त्यालगतच्या एका आवारात विकायला ठेवलेल्या गाड्या पाहायला गेलो. मालक एकेका गाडीचं कौतुक सांगत होता. टायर नवे, सीट नवी, रंग नवा. आजोबांनी त्यातलं काही ऐकलं नाही. पहिल्या गाडीचं बॉनेट उघडलं, इंजिन गार आहे हे पाहिलं, रेडिएटरचं झाकण फिरवून काढलं, आत बोट बुडवलं आणि मालक बघत असताना ते जिभेला लावलं. (तुम्ही हे कधीही करायचं नाही. कुलंट विषारी असतं. मी तिथेच ओरडले होते.)

"काय काका, काय बघताय?" मालकाचं तोंड उघडंच राहिलं.

आजोबांनी तोंड वेडंवाकडं केलं, बाजूला थुंकले, "खारं!" म्हणाले, आणि धाबेवाल्याला पुढच्या गाडीकडे चला अशी खूण केली.